पर्वतीपेक्षा कमी

प्रोजेक्टर डिकीत चालायचा, स्लाइडांचा डबा नाही. तो पुढच्या सीटवर, एसीच्या झोतासमोर, बेल्ट लावून. मस्कतच्या मे महिन्यात डिकीत राहिलेली स्लाइड पापडासारखी वाकते, आणि वाकलेली स्लाइड भिंतीवर टाकली की ग्रीसमधली देवळं दारू प्यायल्यासारखी उभी दिसतात. एकदा तसं झालं होतं, लोक हसले होते. तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी अल् खुवैरच्या ऑफिसातून मदिनत सुलतान काबूसच्या वस्तीत निघताना मी त्या डब्याला पाहुण्यासारखं शेजारी बसवत असे.

डब्यात अथेन्स होतं, बेटं होती, ऑलिव्हची झाडं होती, टोपी घातलेला एक गाढववाला होता. मी यातलं काही पाहिलेलं नव्हतं. रत्नागिरी जिल्ह्यातलं खाडीकाठचं माझं गाव, मुंबईचा विमानतळ आणि मस्कत, एवढीच माझी मुशाफिरी. शाळा सातवी. आठवीची शाळा खाडीपलीकडे होती आणि त्या वर्षी वडील अंथरुणाला खिळले, मग पलीकडे कोण जातो. तरी नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी तीन-चार उन्हाळे मी पुण्यामुंबईच्या शिकलेल्या माणसांना, त्यांच्याच दिवाणखान्यात उभा राहून, ग्रीसचा इतिहास सांगत होतो. आज ते आठवलं तरी खांदे जड होतात.

मी ओमानला आलो तो बांधकामावर. दीड वर्षात परांची कोसळून उजवा खांदा निखळला. तो बसवला, पण सिमेंटची गोण उचलायच्या लायकीचा राहिला नाही. मला परतच पाठवायचे. पण आमच्या अर्बाबचा, ओमानी मालकाचा, आणखी एक धंदा होता, प्रवासी तिकिटांचा. म्हणजे मालकी त्याची, चालवायचा एक केरळी मॅनेजर. अर्बाब मला म्हणाला, "गाडी चालवता येते?" मी हो म्हणालो. तेवढं मात्र खरं होतं. त्या माणसाचे उपकार मी विसरलेलो नाही. पासपोर्ट ने, पासपोर्ट आण, विमानतळावर माणसं सोड, हे माझं काम. दर दोन वर्षांनी व्हिसा नवा व्हायचा, आणि त्याच्या आधीचे दोन महिने मी मॅनेजरला कशालाच नाही म्हणत नसे.

ग्रीसची सहल ही ऑफिसातल्या मॅडमची कल्पना. मूळच्या दादरच्या, नवरा इथे इंजिनिअर. उन्हाळ्यात भारतीय शाळा बंद झाल्या की दहा दिवसांसाठी मराठी कुटुंबांना ग्रीसला न्यायचं, आणि निघण्याआधी कुणाच्या तरी घरी जमून देशाची ओळख करून द्यायची, अशी त्यांची पद्धत. बटाटेवडे, चहा आणि ग्रीस. मी गाडी चालवायचो आणि प्रोजेक्टरचं बटण दाबायचो. स्लाइड बदलायची झाली की मॅडम टेबलावर पेनाने टक् करायच्या.

पाच वर्षं मी ती टकटक ऐकली. ऐकून ऐकून सगळं पाठ झालं. शहर कुणाच्या नावाने असावं म्हणून समुद्राचा देव आणि एक देवी भांडली, देवाने खडकावर त्रिशूळ मारून खाऱ्या पाण्याचा झरा काढला, देवीने ऑलिव्हचं झाड लावलं, लोकांनी झाड निवडलं. हे ऐकताना मला दरवेळी वाटायचं, शहाणी माणसं. खारं पाणी घेऊन काय करायचं ते आमच्या गावाला विचारा. मग लोकशाही, मग संगमरवर, मग खाण्याच्या सूचना. शाकाहारी लोकांनी हॉटेलात उपवासाचं जेवण मागावं, कारण त्यांच्या उपवासाला मांस, अंडी, दूध चालत नाही. मात्र नीट विचारून घ्यावं, कालवं चालतात. इथे बायका "अगंबाई!" म्हणायच्या आणि मी अंधारात खूश व्हायचो. उपवासाला कालवं चालणारा देश आमच्या आईला आवडला असता.

आणि एकेचाळिसावी स्लाइड. टेकडीवरच्या मोठ्या देवळाकडे जाणाऱ्या पायऱ्या. तिथे मॅडम आपली गोष्ट सांगायच्या. चढताना त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. नवरा पुढे निघून गेलेला. एका काळे कपडे घातलेल्या म्हातारीने स्वतःच्या झग्याची पिन काढून दिली, शिवाय खाली बसून ती चपलेला लावूनही दिली. "भाषा कळली नाही, पण पिन कळली," असं मॅडम म्हणायच्या आणि सगळे खुलायचे. तिथपर्यंत घड्याळ बघणारे पुरुषसुद्धा.

मॅडमच्या नवऱ्याची नोकरी संपली आणि त्या भारतात परत गेल्या. पुढच्या मे महिन्यात मॅनेजर मला म्हणाला, "भाई, तुमको तो सब पाठ है. नया आदमी मिलने तक तुम बोलो. यल्ला." नवा माणूस कधी मिळालाच नाही. मिळेल कशाला, मी फुकटात होतो.

पहिल्या गुरुवारी मी चपलेची गोष्ट गाळली. ती माझी नव्हती. सगळा कार्यक्रम मिठाशिवाय भातासारखा झाला. दुसऱ्या गुरुवारी एकेचाळिसावी स्लाइड आली, समोर जांभया दिसल्या, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "इथे माझ्या चपलेचा अंगठा तुटला." लोक हसले. मग ती चप्पल माझीच झाली. मी तिचा रंगही ठरवून टाकला, तपकिरी. तुम्ही तिथे गेला होता का, असं मला कधीच कुणी विचारलं नाही. चप्पल तुटलेल्या माणसाला कोण विचारणार?

तिसऱ्या वर्षीची गोष्ट. घर मदिनत सुलतान काबूसमधलं, दुमजली व्हिला. नवराबायको, त्यांची नऊ-दहा वर्षांची मुलगी, आणि बायकोची आई, पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेली. आई निवृत्त शिक्षिका होती. मांडीवर वही, हातात पेन, अगदी पुढच्या खुर्चीवर. मी मनात त्यांना बाईच म्हणालो. आमच्या शाळेत बाईंना बाईच म्हणत, आणि वही घेऊन बसलेल्या बाईंसमोर सातवी शिकलेला माणूस जसा उभा राहील तसा मी उभा होतो.

भांडणाची गोष्ट संपली तशा त्या म्हणाल्या, "छान सांगता. मी तीस वर्षं नववीला अथेन्स शिकवलं. टीपा लिहा, पाच गुण. पण त्या खाऱ्या झऱ्याचं कधी सांगितलं नाही, पुस्तकात नव्हता."

"आई, मध्ये बोलू नकोस ना," त्यांची मुलगी म्हणाली.

"का गं? ते सांगताहेत, मी ऐकतेय. वर्गात प्रश्न विचारायचे नाहीत तर कुठे विचारायचे?"

मी टेबलावर पेन वाजवलं आणि बटणही मीच दाबलं. मॅडम गेल्या तरी ती सवय राहिली होती. एकेचाळिसावी स्लाइड. चप्पल, म्हातारी, पिन. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्या पायऱ्यांकडे बघत होत्या.

"मला एक सांगा," त्या म्हणाल्या. "माझे गुडघे गेलेत. डॉक्टर म्हणतात चढ नको. म्हणून मी या सहलीत नाहीये, मी शेजाऱ्यांकडे राहणार आहे. पण तुम्ही चढून आलेले आहात म्हणून विचारते. हे चढायचं किती आहे? आपल्या पर्वतीएवढं असेल?"

खोलीतल्या सगळ्यांना पर्वती माहीत होती. मला नव्हती. पुण्यात मी पाऊलही टाकलेलं नव्हतं. पर्वती ही टेकडी आहे आणि तिला पायऱ्या आहेत, इतकं लोकांच्या बोलण्यातून कानावर आलेलं. पण बारा जोडी डोळे माझ्याकडे लागले होते, आणि ज्याची चप्पल त्या पायऱ्यांवर तुटली तो मी होतो.

"पर्वतीपेक्षा कमी, बाई," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की. आरामात."

त्यांनी वहीत लिहून घेतलं. ते मी पाहिलं.

शनिवारी मॅनेजरने पाठीवर थाप मारली. त्या घरून फोन आला होता, आजीही येणार. सहलीला पंधरा माणसं झाली तरच ग्रुपचं तिकीट मिळे, आणि आमची चौदा होती. "तुम्हारा व्हिसा का फाइल भी मैं इस हफ्ते भेजता हूँ," तो म्हणाला. "इन्शाल्ला." मी मान डोलावली आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं.

सोमवारी पासपोर्ट आणायला त्या घरी गेलो. दार बाईंच्या मुलीने उघडलं. आत जिन्यावर बाई होत्या. एक हात कठड्याला, एक गुडघ्यावर, एकेक पायरी वर. नात खालून ओरडत होती, "आजी, थर्टी एट! आता तू… आता तू रेस्ट कर!"

"मराठीत मोज."

"तीस… आणि आठ."

"अडतीस!" मग त्यांनी मला पाहिलं. "या. पर्वतीच्या शंभरावर तीन आहेत. हा जिना सोळांचा. सात वेळा चढले की झालं. तुम्ही कमी म्हणालात म्हणून धीर आला हो, नाहीतर मी आपली शेजारणीकडे बसून राहिले असते."

गुडघ्यावर लवचीक पट्टी होती. पट्टीच्या वर आणि खाली पाय सुजलेला होता.

गाडीत बसल्यावर मी एसीही लावला नाही. पासपोर्ट मांडीवर ठेवून तसाच बसलो. शंभरावर तीन. म्हणजे मी नेमकं कशापेक्षा कमी म्हणालो होतो?

त्या शुक्रवारी नमाज आणि जेवण झाल्यावर मी प्रोजेक्टर खोलीवर आणला. खिडकीला चादर लावली आणि एकेचाळिसावी स्लाइड भिंतीवर टाकली. आम्ही चौघं एका खोलीत. त्यातला बाणकोटचा एक वयस्कर मेस्त्री होता, त्याला सगळे मामू म्हणत.

"काय रे," मामू पडल्या पडल्या म्हणाला, "सुट्टीच्या दिवशी पण ऑफिस? बाई तरी दाखव एखादी. दगड काय दाखवतोस?"

"पायऱ्या मोजतोय."

"कशाला? फरशी बसवायचं काम घेतलंस काय तिथलं?"

मी बोट लावून मोजत होतो. बारापर्यंत मोजता येत. त्यापुढे एक लठ्ठ गोरा, त्याची बायको आणि एक छत्री. छत्रीच्या वर पुन्हा सहा, मग चौकट संपली. पलीकडे खांब. मामू उठून जवळ आला, डोळे बारीक करून बघत राहिला.

"हा दगड घासून गुळगुळीत झालाय बघ," तो म्हणाला. आयुष्यभर फरशी बसवलेला माणूस. "कशी चमक मारते. यावर चप्पल घालून जायचं नाही. पाय सरकणार."

"पण मामू, किती असतील?"

"मला काय विचारतोस? तू गेला होतास ना?" आणि तो इतका हसला की त्याला ठसका लागला. खोलीतल्या तिघांनाही चपलेची गोष्ट ठाऊक होती. कधीकाळी मीच हौसेने सांगितली होती.

फोनचं कार्ड विकत घेऊन मी मॅडमना दादरला फोन केला. त्या खूश झाल्या, गावाकडचं विचारलं, खांद्याचं विचारलं. मी पायऱ्यांचं विचारलं. "अरे, मी तेव्हा तिशीची होते," त्या म्हणाल्या. "पायऱ्या कोण मोजतंय? पळत गेलो असू. का रे, कोण विचारतंय?" मी म्हणालो, असंच. कार्डावरची मिनिटं संपत आली होती.

शेवटी मॅनेजरला सांगितलं. तो काही वाईट माणूस नव्हता. त्याने कपाळावरून हात फिरवला. "देखो, पंधरा है. एक गया तो सब गया. तुम बोलना मत. ऊपर नहीं जा सकेगी तो नीचे बैठेगी, कॉफी पियेगी. खलास."

बोलणं चूक नव्हतं. नाहीतरी ती बाई शहाणी होती, दुखलं तर थांबेल. असं मी स्वतःला चार दिवस समजावलं. व्हिसाची फाइल टेबलावर दिसत होती, माझ्या फोटोसकट. मी फार थकलो होतो. रोज गाडी चालवणारा माणूस थकतो तसलं ते नव्हतं. दुसऱ्याची चप्पल तीन वर्षं घालून हिंडल्याचा शीण होता तो.

व्हिसा लागलेले पासपोर्ट परत द्यायला गेलो तेव्हा बाई जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसल्या होत्या. पट्टी सोडलेली, गुडघ्यावर टॉवेलात गुंडाळलेला बर्फ.

"आज पाच वेळा झाला," त्या म्हणाल्या. "दोन राहिले. तुमच्या शब्दावर चढतेय."

मी दाराशीच उभा राहिलो. पासपोर्ट हातात.

"बाई, मी तिथे गेलेलो नाही."

"कुठे?"

"ग्रीसला. कुठेच. ते सगळं मी पाठ केलेलं आहे. आधीच्या मॅडम सांगायच्या, ते."

स्वयंपाकघरातून त्यांची मुलगी बाहेर आली. तिने ऐकलं होतं. "म्हणजे? आणि पायऱ्या?"

"माहीत नाही. आणि पर्वतीही मी पाहिलेली नाही."

मुलगी बोलायला लागली ती थांबेना. आईच्या गुडघ्यांशी खेळता का, आम्ही तुमच्या भरवशावर, ऑफिसला आत्ता फोन करते. सगळं खरं होतं, मी मान खाली घालून ऐकलं. मुलगी श्वास घ्यायला थांबली तेव्हा बाईंनी विचारलं, "चप्पलसुद्धा तुझी नव्हती?"

त्या मला पहिल्यांदाच अरे-तुरे करत होत्या.

"नाही."

"शाळा किती?"

"सातवी."

त्यांनी बर्फ दुसऱ्या गुडघ्यावर ठेवला. "मीही तीस वर्षं न बघताच शिकवलं," त्या म्हणाल्या. "त्याचं मला काही नाही. पण माझ्या वर्गात एखाद्या मुलाने विचारलं, बाई, तुम्ही पाहिलंत का, तर मी नाही म्हणायचे. तू पर्वतीपेक्षा कमी म्हणालास. दोन्ही न बघता! एक तरी बघायची होतीस." आणि मग, तोंडावर पदर धरून, त्या हसायला लागल्या. मला हसणं आलं नाही.

"आई, आपण रद्द करतोय," मुलगी म्हणाली.

"तू कर रद्द. मी जातेय. आता मला कळलं ना, की माहीत नाही. जेवढं होईल तेवढं चढेन, मग बसेन." मग माझ्याकडे वळून, "अजून काही खोटं आहे का त्यात? आत्ताच सांग."

"कालवं खरी आहेत," मी म्हणालो. "आणि दगड गुळगुळीत आहे, बाई. चप्पल घालू नका, रबरी तळाचे बूट घ्या. आमच्या खोलीवरच्या मेस्त्रीने फोटोवरून सांगितलं."

ते त्यांनी वहीत लिहून घेतलं. आधीच्या ओळीवर काट मारलेली मी पाहिली.

मुलीने ऑफिसला फोन केलाच. पंधरा जण गेले म्हणून मॅनेजर फार बोलला नाही, पण गुरुवारचे कार्यक्रम माझ्याकडून काढून घेतले आणि व्हिसाची फाइल महिनाभर टेबलावरच पडून राहिली. शेवटी अर्बाबनेच विचारलं, त्या खांद्यावाल्याचं काय झालं, आणि फाइल गेली. त्याने मला काहीच विचारलं नाही. आभार मानायला गेलो तर म्हणाला, "गाडी धुतली का?"

मस्कतच्या सीब विमानतळावर त्या सगळ्यांना आणायला मीच होतो. बाईंची मुलगी माझ्याशी बोलली नाही. बाई सावकाश चालत आल्या, पायात रबरी बूट, साडीवर. गाडीत बसल्यावर त्यांनी वहीतलं एक पान फाडून माझ्या हातात दिलं. वरती लिहिलं होतं, चौऱ्याहत्तर. खाली, मोठ्या गोल अक्षरांत: इथपर्यंत मी मोजल्या. मधला चढ धरलेला नाही. इथे डाव्या हाताला टेकायला दगड आहे. वरचं निम्मं देऊळ दिसतं, समुद्र दिसत नाही. पुढचं माहीत नाही.

"ही लोकं वर गेली, पण मोजलं एकानेही नाही," त्या म्हणाल्या. "शिकलेली माणसं!"

पुढच्या वर्षी माणूस मिळेना तेव्हा मॅनेजरने पुन्हा माझ्याच हातात डबा दिला. मी एका अटीवर घेतला. पहिल्याच स्लाइडला मी सांगायचो, मी तिथे गेलेलो नाही. एकेचाळिसाव्या स्लाइडला ते पान वाचायचो. चप्पल मी मॅडमना परत करून टाकली होती. लोक पूर्वीइतके हसायचे नाहीत. काही जण तिथून पुढे घड्याळ बघायचे. पण एखादी आजी हमखास विचारायची, तो टेकायचा दगड केवढा आहे हो?

त्यानंतरच्या रजेत मुंबईत उतरल्यावर मी गावची गाडी पकडली नाही. आधी पुण्याला गेलो. बाईंकडे जायचं धाडस झालं नाही, पत्ता खिशात होता तरी. सकाळी सातला पर्वतीच्या पायथ्याशी उभा राहिलो आणि मोजत निघालो. पायऱ्या रुंद, दगडी, एकेका पायरीवर दोनदा पाऊल टाकावं लागेल अशा. खांदा दुखू लागला. पायऱ्या चढताना खांदा का दुखावा कुणास ठाऊक. चौऱ्याहत्तराव्या पायरीवर मी थांबलो, डावीकडे सरकून बसलो. पाय थरथरत होते, आणि माझे गुडघे तर चांगले होते. इतकं चढायला मी त्यांना आरामात म्हणालो होतो.

वरून एक टोपी घातलेले गृहस्थ काठी टेकत उतरत होते. माझ्यासमोर थांबले.

"काय, दमलात? चला उठा, थोडंच राहिलंय."

"तुम्ही वर जाऊन आलात?" मी विचारलं.

"म्हणजे काय! आत्ता उतरतोय की."

मग मी उठलो.